बंदिवासातही कुरआनचा सेवक : मौलाना अबुल कलाम आझाद (रह.)



युद्ध सुरू झाले की राज्यकर्त्यांच्या हाती नवे कायदे येतात. शांततेच्या काळात ज्या गोष्टीसाठी न्यायालयात पुरावा द्यावा लागतो, ती गोष्ट युद्धकाळात केवळ संशयावर करता येते. कोणाला शहराबाहेर काढायचे, कोणाचा छापखाना बंद करायचा, कोणाला खटल्याविना अटकेत ठेवायचे, हे एका सहीने ठरते. शत्रूपासून देशाचे रक्षण करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु अशा कायद्यांचा भार बहुधा त्यांच्यावरच अधिक पडतो, ज्यांची श्रद्धा, भाषा किंवा वंश राज्यकर्त्यांना परका वाटतो. मग माणसाने काय केले हा प्रश्न मागे पडतो आणि तो काय मानतो हाच त्याचा गुन्हा ठरू लागतो.

अशा वेळी ईमानवंताने कसे वागावे? भयाने गप्प बसावे की सूडाने पेटून उठावे? या दोहोंहून वेगळा मार्ग आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मौलाना अबुल कलाम आझाद (रह.) यांचे जीवन आपल्यासमोर ठेवावेसे वाटते. देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांचे नाव आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. परंतु दोन्ही महायुद्धांत आणीबाणीच्या कायद्यांखाली बंदिस्त झालेला, आणि तरीही कुरआनची सेवा न सोडलेला हा आलिम आपल्याला पुरेसा परिचित नाही.

जन्म आणि जडणघडण

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी पवित्र मक्का शहरी झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे नामांकित आलिम आणि पीर होते. आई मदीना येथील एका विद्वान घराण्यातील होती. त्यांचे मूळ नाव मुहियुद्दीन अहमद. ‘अबुल कलाम’ आणि ‘आझाद’ ही नावे पुढे रूढ झाली. बालपणीच कुटुंब कलकत्त्याला आले आणि तेच त्यांचे शहर बनले. शाळा-महाविद्यालयाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अरबी, फारसी, फिकह, तर्कशास्त्र आणि गणित हे सारे शिक्षण घरीच, वडिलांच्या कडक शिस्तीत झाले. इतरांना जो अभ्यासक्रम पुरा करण्यास पंचविशी गाठावी लागे, तो त्यांनी सोळाव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण केला.

१९०८च्या सुमारास त्यांनी इराक, सीरिया, इजिप्त आणि तुर्कस्तानचा प्रवास केला. तेथील मुसलमान आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी झटत असलेले पाहून त्यांच्या मनाने एक निश्चय केला. भारतीय मुसलमानांनीही परकीय सत्तेच्या आश्रयाला सुरक्षितता समजू नये आणि आपल्या हिंदू देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरावे, असे त्यांना वाटू लागले.

‘अल-हिलाल’ आणि जामिनाचा फास

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक निघाले. संपादकाचे वय होते अवघे २३ वर्षे. आपण विचार करा, वाचकहो, त्या काळी उर्दू वाचकवर्ग विखुरलेला आणि साधने तुटपुंजी होती. तरीही या साप्ताहिकाच्या प्रती काही हजारांच्या घरात खपू लागल्या. कुरआनच्या आयतींचा आधार घेऊन राजकीय जागृती करणारी ही लेखणी लोकांना नवीन होती आणि सरकारला अस्वस्थ करणारी होती.

१९१३ साली कानपूरच्या मछली बाजारातील मशिदीचा, वुजूसाठी वापरला जाणारा भाग रस्त्यासाठी पाडण्यात आला. लोकांनी विरोध केला तेव्हा गोळीबार झाला आणि माणसे ठार झाली. ‘अल-हिलाल’ने हा प्रश्न हिरिरीने मांडला. त्याच वर्षी १९१०च्या वृत्तपत्र कायद्याखाली मौलानांकडून दोन हजार रुपयांचा जामीन घेण्यात आला. पुढे पहिले महायुद्ध पेटले. तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध पक्षात गेला आणि भारतातील मुसलमानांची खलीफाविषयीची आस्था ही राजनिष्ठेच्या आड येणारी बाब ठरली. आधीचा जामीन जप्त झाला, दहा हजारांची नवी मागणी आली आणि नोव्हेंबर १९१४मध्ये ‘अल-हिलाल’ बंद पडले.

मौलाना थांबले नाहीत. एका वर्षानंतर, नोव्हेंबर १९१५मध्ये, त्यांनी ‘अल-बलाग’ सुरू केले. परंतु आता सरकारच्या हाती वृत्तपत्र कायद्याहून प्रखर शस्त्र आले होते.

भारत संरक्षण कायदा आणि रांचीची नजरकैद

मार्च १९१५मध्ये भारत संरक्षण कायदा मंजूर झाला. युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने तो लागू राहणार होता. एखादी व्यक्ती सार्वजनिक सुरक्षेला बाधक आहे असा सरकारचा समज झाला, की तिला एखाद्या प्रांतात येण्यास बंदी करता येई किंवा विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती करता येई. त्यासाठी आरोप सिद्ध करण्याची गरज नव्हती. खटले चालवण्यासाठी खास न्यायाधिकरणे होती आणि त्यांच्या निकालावर अपील नव्हते.

हा कायदा बंगाल आणि पंजाबातील क्रांतिकारकांवर चालला, ॲनी बेझंट यांच्यावरही चालला. मुसलमानांच्या बाबतीत मात्र धार्मिक आस्था हीच संशयाची सुरुवात ठरली. मौलाना मुहम्मद अली आणि मौलाना शौकत अली हे बंधू अनेक वर्षे नजरकैदेत होते, त्यातील बराच काळ मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे. देवबंदचे शैखुल हिंद मौलाना महमूद हसन यांना तर हिजाजमधून पकडून थेट माल्टा बेटावर नेण्यात आले आणि १९२०पर्यंत ते तेथे होते.

१९१६च्या वसंतात बंगाल सरकारने मौलाना आझादांना प्रांत सोडण्याचा हुकूम दिला. जायचे कोठे? पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि आपला मुंबई इलाखा यांनी त्यांना आधीच प्रवेशबंदी केली होती. उरला होता केवळ बिहार. म्हणून ते रांचीला गेले. काही महिन्यांतच तेथे त्यांना नजरकैद झाली. ती ३१ डिसेंबर १९१९पर्यंत टिकली. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षेची मुदतही नाही.

आता त्यांचे वर्तन पहा. त्यांच्याजवळ वृत्तपत्र नव्हते, छापखाना नव्हता, सोबती नव्हते. परंतु गावात मशीद होती. त्या मशिदीत ते जुम्याची प्रवचने देऊ लागले. १९१७ साली त्यांनी तेथे अंजुमन इस्लामिया आणि मदरसा इस्लामिया यांची स्थापना केली. सरकारने ज्याला धोकादायक मानून एका कोपऱ्यात बसवले, त्याने त्या कोपऱ्यात शाळा उभी केली. ती त्याच्या सुटकेनंतरही चालू राहिली. याच काळात ‘तजकिरा’ हे आत्मपर पुस्तक लिहून झाले.

रांचीतील आणखी एक लिखाण आपल्या विशेष लक्षात राहावे असे आहे. १९१९च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत स्वामी श्रद्धानंदांचे भाषण झाले. मुसलमानेतर व्यक्तीला मशिदीत प्रवेश द्यावा की नाही यावर वाद उठला. मौलानांनी नजरकैदेतून एक पुस्तिका लिहून शरीअतचे दाखले दिले आणि प्रवेशाचा पक्ष घेतला. ताइफच्या सकीफ टोळीचे शिष्टमंडळ इस्लाम स्वीकारण्यापूर्वी मदीनेला आले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मशिदीच्या आवारात उतरवले होते, हे सीरतच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे. स्वतःचे धर्मस्वातंत्र्य हिरावले गेले असताना हा माणूस आपल्या मशिदीचे दार दुसऱ्यासाठी उघडे असावे म्हणून लिहीत होता. हृदय मोठे असल्याखेरीज हे घडत नाही.

जप्त झालेली पाने

वाचकहो, मौलानांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी हानी कोणती, असे विचारले तर उत्तर धनाचे किंवा पदाचे नाही. ती हानी कागदांची होती. १९१५ सालीच त्यांनी कुरआनचा अनुवाद आणि तफसीर प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले होते. काम बरेच पुढे गेले होते. रांचीत नजरकैदेचा हुकूम आला तेव्हा झडती झाली आणि हस्तलिखिते सरकारजमा झाली. त्यांनी धीर सोडला नाही, उरलेला अनुवाद पुढे चालू ठेवला. १९२१च्या डिसेंबरात असहकार आंदोलनात त्यांना अटक झाली, तेव्हा पुन्हा झडती झाली आणि पुन्हा कागद गेले. जे परत मिळाले ते फाटलेले, विस्कटलेले आणि निरुपयोगी झालेले होते.

ज्याने कधी एखादे पानभरही मन लावून लिहिले असेल, त्याला या दुःखाची कल्पना येईल. आणि येथे तर अल्लाहच्या ग्रंथावरील अनेक वर्षांची मेहनत होती. त्या कागदांत बंडाची योजना नव्हती की शस्त्रांची यादी नव्हती. परंतु आणीबाणीच्या कायद्याला तफसीर आणि कट यांतील फरक कळत नाही, कारण तो फरक दाखवून देण्याची संधीच तो समोरच्याला देत नाही.

काही वर्षे मौलानांचे मन या कामापासून उडाले. पुढे १९२७ साली त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९३०मध्ये मेरठच्या तुरुंगात ते काम पूर्ण केले. ‘तर्जुमानुल कुरआन’चे दोन खंड १९३०च्या दशकात प्रकाशित झाले. ते सूरह अल-मोमिनूनपर्यंत पोहोचतात. सूरह फातिहावरील त्यांचे विवरण आजही जिज्ञासूंनी वाचावे असे आहे. अल्लाह हा एका टोळीचा किंवा एका देशाचा नव्हे, तर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता आहे, या एका सत्याभोवती ते फिरते.

न्यायालयासमोर

नजरकैदेतून सुटताच मौलाना खिलाफत आणि असहकाराच्या कार्यात उतरले. युद्ध संपले होते. परंतु युद्धकाळातील अधिकार शांततेतही हाती असावेत म्हणून सरकारने मार्च १९१९मध्ये रौलट कायदा आणला होता. त्याविरुद्धच्या आंदोलनातच १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत नरसंहार झाला. तात्पुरते म्हणून घेतलेले अधिकार सत्ता सहसा आपणहून परत करत नाही, हा धडा देशाने तेव्हा रक्त देऊन शिकला.

१९२२च्या प्रारंभी कलकत्त्यात मौलानांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी बचाव केला नाही. आपण सरकारला अन्यायी म्हटले हे त्यांनी लेखी निवेदनात मान्य केले, आणि अन्यायाला अन्याय म्हणणे हे मुसलमानाचे धार्मिक कर्तव्यच आहे असे सांगितले. जुलमी सत्ताधीशासमोर सत्य बोलणे हा श्रेष्ठ जिहाद होय, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण सारे जाणतो. मौलानांनी ती शस्त्राने नव्हे, शब्दाने आणि उघडपणे आचरली. हे निवेदन ‘कौल-ए-फैसल’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पत्नी जुलेखा बेगम यांनी गांधीजींना तार पाठवून कळवले की शिक्षा अपेक्षेपेक्षा कमीच झाली आहे आणि पतीचे खिलाफतचे काम त्या स्वतः पुढे चालवतील.

अल्पसंख्याकांचे हक्क : रामगढचे भाषण

१९२३ साली दिल्लीच्या विशेष अधिवेशनात मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते पस्तिशीही ओलांडलेले नव्हते. दुसऱ्यांदा अध्यक्ष म्हणून त्यांनी मार्च १९४०मध्ये रामगढ येथे भाषण केले. हे गाव त्यांच्या जुन्या नजरकैदेच्या रांचीपासून फार दूर नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि सप्टेंबर १९३९मध्येच भारत संरक्षणाचे नवे कायदे व नियम लागू झाले होते.

त्या भाषणात त्यांनी दोन गोष्टी एकत्र मांडल्या. आपण मुसलमान आहोत आणि तेरा शतकांच्या इस्लामी वारशातील लहानसा अंशही गमावण्यास आपण तयार नाही, ही पहिली. आपण भारतीय आहोत आणि या अखंड राष्ट्रीयत्वाचा अविभाज्य भाग आहोत, ही दुसरी. अल्पसंख्याकांच्या प्रश्नावर त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. देशाच्या भावी घटनेत अल्पसंख्याकांच्या हक्कांची पूर्ण हमी असावी आणि ती हमी कोणती हे बहुसंख्याकांनी नव्हे, अल्पसंख्याकांनीच ठरवावे. मात्र त्यांनी अल्पसंख्याकांनाही भयगंड टाकून आत्मविश्वासाने उभे राहण्यास सांगितले. त्यांच्या या भूमिकेशी असंख्य मुसलमान सहमत नव्हते. त्यांना आपल्याच समाजातून कठोर शब्द ऐकावे लागले. तरी त्यांनी कोणाविषयी कटुता बाळगली नाही.

अहमदनगरचा किल्ला

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना अटक झाली. खास रेल्वेने मौलाना, पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, डॉ. सय्यद महमूद, असफ अली, आपले शंकरराव देव अशा बारा जणांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणले गेले. ज्या प्रांतात येण्यास १९१६ साली त्यांना बंदी होती, त्याच प्रांतात आता त्यांना कोंडून ठेवण्यात आले. चाँदबीबीने ज्या तटावरून मोगलांशी झुंज दिली, त्याच तटाच्या आत जवळपास पावणेतीन वर्षे गेली.

तेव्हा मौलानांचे वय ५३ होते. त्याआधीच्या अटकांची बेरीज त्यांनी केली तेव्हा ती सात वर्षे आठ महिने भरली, म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा. ते पहाटे उठत, स्वतः चहा करत आणि लिहायला बसत. मित्र नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली पत्रे तेथून पाठवता येत नव्हती. ती पुढे १९४६मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. उर्दू गद्याचा हा अनमोल ठेवा महाराष्ट्राच्या मातीत लिहिला गेला, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

याच किल्ल्यात त्यांच्यावर सर्वांत मोठा आघात झाला. कलकत्त्यात जुलेखा बेगम गंभीर आजारी पडल्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले की सरकारकडे काही मागणे असल्यास ते लगेच पोहोचवू. मौलानांनी नकार दिला. ज्या सत्तेने अन्यायाने कोंडले, तिच्याकडे स्वतःसाठी सवलत मागणे त्यांना मान्य नव्हते. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम अल्लाहला प्यारी झाल्या. काही महिन्यांत भोपाळला त्यांच्या बहिणीचेही निधन झाले. दोघींच्या जनाजाला ते जाऊ शकले नाहीत. अटकेच्या वेळी १७० पौंड असलेले त्यांचे वजन किल्ला सोडताना १३० पौंडांवर आले होते.

त्याच एप्रिल महिन्यात न्यायाच्या क्षेत्रात एक महत्त्वाची घटना घडली. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात संघ न्यायालयाने, स्थानबद्धतेचा आधार असलेला भारत संरक्षण नियम २६ हा मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढून तो नियम पूर्वलक्षी प्रभावाने वैध केला. न्यायाधीशांनी उघडलेले दार एका सहीने पुन्हा बंद झाले. एप्रिल १९४५मध्ये मौलानांना बांकुडा येथे हलवण्यात आले आणि १५ जून १९४५ रोजी त्यांची सुटका झाली.

फाळणीची आग

१९४७च्या सप्टेंबरात दिल्लीत मुसलमानांच्या वस्त्या उद्ध्वस्त होत होत्या आणि पाकिस्तानातून हिंदू व शीख निर्वासितांचे लोंढे जखमा घेऊन येत होते. पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे हजारो मुसलमान आसऱ्याला होते. मौलानांनी आपले घर उघडले. घर भरले तेव्हा आवारात तंबू ठोकले. ऑक्टोबरमध्ये जामा मशिदीतून त्यांनी भयभीत समाजाला समजावले की पळून जाण्याला हिजरतचे पवित्र नाव देऊ नका, ही भूमी तुमचीही आहे.

जानेवारी १९४८मध्ये महात्मा गांधींनी दिल्लीत उपोषण केले. बळकावलेल्या मशिदी परत मिळाव्यात, मेहरौली येथील ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी (रह.) यांचा उरूस निर्विघ्न व्हावा, अशा त्यांच्या अटी होत्या. त्या पूर्ण करून घेण्यासाठी मौलाना झटले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. अनुच्छेद २५ ते २८ यांत धर्मस्वातंत्र्य आणि २९ व ३० यांत अल्पसंख्याकांचे सांस्कृतिक व शैक्षणिक हक्क नमूद झाले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलानांनी या जगाचा निरोप घेतला. दिल्लीत जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मध्ये त्यांची कबर आहे.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, हजरत यूसुफ (अलै.) यांचा वृत्तांत आठवा. निरपराध असताना ते तुरुंगात गेले. तेथे त्यांनी सोबतच्या कैद्यांना एकेश्वराची ओळख करून दिली. सुटकेचा निरोप आला तेव्हाही आधी आपले निर्दोषत्व सिद्ध व्हावे अशी अट घातली. आणि सत्ता हाती आली तेव्हा दुष्काळात त्या साऱ्या देशाला अन्न पुरवले. मौलाना प्रेषित नव्हते, तुमच्या-आमच्यासारखेच माणूस होते. परंतु त्यांच्या आयुष्यावर या आदर्शाची छाया दिसते. बंदी आली तर शिकवत राहायचे, अन्यायाकडे भीक मागायची नाही, आणि संधी मिळाली की सर्वांचे भले करायचे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. अन्याय आपल्यावर होतो तेव्हाच न्यायाची आठवण येणे पुरेसे नाही. सूरह हज्जमध्ये अल्लाहने मशिदींबरोबर मठ, चर्च आणि यहुदींची प्रार्थनास्थळे यांचाही उल्लेख केला आहे, कारण या सर्वांचे रक्षण त्याला अभिप्रेत आहे. सूरह माइदामध्ये तो बजावतो की एखाद्या समाजाविषयीच्या शत्रुत्वाने तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये. जेथे मुसलमान बहुसंख्य आहेत आणि युद्ध किंवा अशांततेचे कारण देऊन तेथील अल्पसंख्याकांचे हक्क गोठवले जातात, तेथेही हीच कसोटी लागू आहे. आपण ती स्वतःला लावत नसू, तर इतरांकडे ती मागण्याचे नैतिक बळ आपल्यात उरत नाही.

आपल्या घरात, आपल्या मोहल्ल्यात एवढे तरी करूया. मुलांना कुरआनबरोबर राज्यघटनेचे ते सहा अनुच्छेदही वाचून दाखवूया. कोणावर केवळ त्याच्या श्रद्धेमुळे संशय घेतला गेला, तर तो आपला असो वा परका, सनदशीर मार्गाने त्याच्या बाजूने उभे राहूया. आणि एखादी शाळा, एखादे वाचनालय असे उभे करूया, की जे आपण नसतानाही चालू राहील.

अल्लाह मौलानांची सेवा कबूल करो, त्यांच्या उणिवा माफ करो आणि आपणा सर्वांना सुखात व संकटात न्यायावर स्थिर राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.